इंगळीचं शास्त्रीय नाव: कंसापासून बरणीपर्यंत

या दोन ओळी शेजारी ठेवून बघा.

हेटरोमेट्रस स्वामरडॅमी सिमॉन, १८७२
जायगँटोमेट्रस स्वामरडॅमी (सिमॉन, १८७२)

प्राणी एकच, भारतातला सर्वांत दांडगा काळा विंचू. पहिली ओळ २०२० च्या आधीच्या यादीत सापडेल, दुसरी त्यानंतरच्या. पुढचं नाव बदललंय हे चटकन दिसतं, पण शेवटी आलेल्या कंसाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. तो कंस सांगतो की नाव देणाऱ्या सिमॉनने हा प्राणी १८७२ मध्ये वेगळ्या वंशात नोंदवला होता आणि नंतर कुणीतरी तो उचलून आजच्या वंशात ठेवला. कंस नसेल तर मूळ वर्णन ज्या वंशात झालं, तिथेच तो प्राणी आजही आहे. एवढी माहिती दोन वळणदार रेघांत मावते. म्हणूनच यादी टाइप करताना कुणी ‘सगळीकडे सारखं दिसावं’ म्हणून कंस काढतो किंवा सरसकट घालतो, तेव्हा तो चुकीची माहिती छापत असतो.

पुढे जाण्याआधी शब्दांचा खुलासा. जुन्या मराठी पुस्तकांत ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. आजच्या वर्तमानपत्रांत मात्र ‘प्रजाती’ सर्रास स्पीशीजसाठी वापरतात. एकाच लेखात दोन्ही अर्थ आले की वाचणारा हमखास गोंधळतो. म्हणून इथे जीनसला वंश, स्पीशीजला जाती आणि फॅमिलीला कुल म्हटलंय. ‘प्रजाती’ शब्द मुद्दाम टाळलाय. दुसरा घोळ नांगीचा. खेकड्याची नांगी म्हणजे पुढचा चिमटा, विंचवाची नांगी म्हणजे शेपटीच्या टोकाचा काटा. विंचवालाही पुढे खेकड्यासारखे चिमटे असतात, त्यामुळे ‘मोठ्या नांगीचा विंचू’ एवढंच लिहिलं तर नक्की काय मोठं ते कळत नाही. पुढच्या अवयवाला पंजा आणि मागच्या काट्याला नांगी म्हटलं की भागतं.

आणि इंगळी? बोलीत इंगळी म्हणजे मोठा, काळा, बघूनच धसका बसावा असा विंचू. हा शब्द सुंदर आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण त्यात एकाहून अधिक वंशांतल्या कितीतरी जाती येतात. महाराष्ट्रात ज्याला इंगळी म्हणतील तो प्राणी बहुधा स्वामरडॅमी नसून डेक्कनोमेट्रस किंवा सह्याद्रिमेट्रस या वंशांतला असतो. हो, ही दोन्ही अधिकृत शास्त्रीय नावं आहेत. दख्खन आणि सह्याद्री विंचवांच्या नावांत कायमचे जाऊन बसलेत.

मोठा म्हणजे किती मोठा

‘जगातला सर्वांत मोठा विंचू’ हे बिरुद या जातीला नेहमी लावलं जातं. विक्रमांच्या पुस्तकात भारतातल्या एका नमुन्याची २९२ मि.मी. लांबी दिलेली असते. हा आकडा वाचताना माप कुठून कुठवर घेतलं ते आधी बघावं. ते पुढे ताणलेल्या पंजांच्या टोकापासून नांगीच्या टोकापर्यंतचं आहे. विंचवांचे अभ्यासक लांबी तशी मोजत नाहीत. त्यांची लांबी शिरोवक्षावरच्या (डोकं आणि छाती एक झालेल्या भागावरच्या) ढालीच्या पुढच्या कडेपासून सुरू होते आणि नांगीच्या टोकाशी संपते; पंजे धरत नाहीत. या पद्धतीने आशियातल्या या गटातले प्रौढ विंचू साधारण १०० ते २०० मि.मी. भरतात, आणि स्वामरडॅमीचा प्रौढ दीडशे मि.मी. सहज ओलांडतो. लांबीच्या शर्यतीत दक्षिण आफ्रिकेतले खडकांच्या फटींत राहणारे हॅडोजीन्स वंशातले विंचूही पुढे असतात, पण त्यांची बरीचशी लांबी सडपातळ शेपटीचीच. अंगाने भारदस्त म्हणावेत असे दोनच: आपला जायगँटोमेट्रस आणि पश्चिम आफ्रिकेचा पँडिनस इंपरेटर, म्हणजे सम्राट विंचू.

एकूण लांबीवर फार विसंबू नये याचं कारण विंचवाच्या बांधणीतच आहे. ढालीच्या मागे पोटाचे सात खंड येतात आणि त्यांच्यामध्ये मऊ पापुद्रे असतात. भरपेट खाल्लेला विंचू किंवा गाभण मादी यांचे हे पापुद्रे ताणून पोट फुगतं, खंड एकमेकांपासून दूर जातात आणि लांबी वाढते. उपाशी विंचवात खंड एकमेकांखाली सरकतात. अल्कोहोलमधला नमुना कधी ताणलेला असतो, कधी आक्रसलेला. एकाच प्राण्याची दोन मापं त्यामुळे सेंटिमीटरच्या फरकानेही येऊ शकतात. ढाल मात्र कडक असते, ताणत नाही. म्हणून वर्णनात ढालीची लांबी आणि रुंदी, शेपटीच्या पाचही खंडांची लांबी, रुंदी आणि उंची, तसंच पंजाची लांबी आणि रुंदी वेगवेगळी देतात. व्हर्नियर कॅलिपरने ०.१ मि.मी. पर्यंत मोजलं तर काम भागतं. शेपटीचे खंड मोजताना सगळ्यांत जास्त चूक होते ती सांध्याशी: एकजण मऊ पापुद्रा धरून मोजतो, दुसरा सोडून. कडक भाग तेवढाच धरायचा आणि तसं लिहून ठेवायचं.

नावाचा प्रवास

१७५८ मध्ये लिनियसने प्राण्यांना दोनशब्दी नावं द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याला माहीत असलेले सगळे विंचू एकाच वंशात बसले: स्कॉर्पिओ. पुढे बोटी भरून नमुने युरोपात यायला लागले आणि तो वंश फुटत गेला. १८२८ मध्ये एरनबेर्गने हेटरोमेट्रस हे नाव दिलं. १८३० ते ४० च्या दशकांत कार्ल लुडविग कोख याने कोळी-विंचवांची मोठी चित्रमालिका काढली आणि तिच्यात बरेच मोठे काळे विंचू ‘ब्यूथस’ या वंशाखाली घातले. आजचे फुलव्हिपेस, बेंगालेन्सिस आणि इंपरेटर हे तिघेही तिथे ब्यूथसच होते.

जुने लेख चाळणाऱ्याला सगळ्यांत जास्त फसवतं ते हेच नाव. आज ब्यूथस हा पूर्ण वेगळ्या कुलातला वंश आहे. शिवाय आपल्याकडचा विषारी लाल विंचू विसाव्या शतकात कितीतरी वर्षं ‘ब्यूथस टॅम्युलस’ या नावाने लिहिला जात होता. ‘ब्यूथस बेंगालेन्सिस’ आणि ‘ब्यूथस टॅम्युलस’ ही नावं एका पानावर दिसली की दोघे भाऊभाऊ वाटतात. प्रत्यक्षात एक स्कॉर्पिओनिडी कुलातला जाड पंजांचा काळा, दुसरा ब्यूथिडी कुलातला बारीक पंजांचा लाल. नातं फार लांबचं.

कोखबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. त्याचा मुलगा लुडविग कोख हाही कोळ्यांचा मोठा अभ्यासक. म्हणून जातीच्या नावापुढे नुसतं ‘कोख’ लिहिणं पुरत नाही, ‘सी. एल. कोख’ असंच लिहावं लागतं. आद्याक्षरं गाळली तर बापाचं काम मुलाच्या नावावर जातं. शिवाय ती चित्रमालिका हप्त्याहप्त्याने निघाली. सम्राट विंचवाच्या नावापुढे कुठे १८४१ तर कुठे १८४२ दिसतं ते त्यामुळेच. ती छपाईची चूक समजू नका. नावांच्या जगात एका वर्षाने, कधी एका महिन्यानेही निकाल फिरतो, कारण आधी छापलेलं नाव जिंकतं.

१८७६ मध्ये स्वीडनच्या थोरेलने दोन वंश मांडले: आफ्रिकेतल्यांसाठी पँडिनस आणि आशियातल्यांसाठी पॅलॅम्नीयस. ब्रिटिश भारताच्या प्राणिमालेत १९०० साली पोकॉकने आपल्याकडचे मोठे काळे विंचू पॅलॅम्नीयस म्हणूनच दिले. ते पुस्तक भारतात अनेक दशकं हाताशी असल्यामुळे विंचवाच्या हृदयावर, रक्तावर, मज्जासंस्थेवर झालेल्या पुष्कळ जुन्या कामात तेच नाव आहे. पण हेटरोमेट्रस १८२८ चं, पॅलॅम्नीयस १८७६ चं. दोन्ही नावं एकाच गटाला लागू पडतात असं ठरलं की जुनं नाव राहतं आणि नवं त्याचं कनिष्ठ समानार्थी होतं. पॅलॅम्नीयस तसं मागे पडलं.

१९८१ मध्ये डच अभ्यासक कौझाइनने हेटरोमेट्रसचा सविस्तर आढावा घेतला आणि त्याचे उपवंश पाडले. तेव्हा नाव असं लिहिलं जाई: हेटरोमेट्रस (जायगँटोमेट्रस) स्वामरडॅमी. इथेही कंस आहे, पण त्याचा अर्थ अगदी निराळा. दोन नावांच्या मधला कंस म्हणजे उपवंश. शेवटी नामकर्त्याभोवतीचा कंस म्हणजे स्थलांतर. श्रीलंकेतल्या विंचवांना कौझाइनने स्वामरडॅमीची उपजाती ठरवून टायटॅनिकस हे तिसरं नाव जोडलं. १९८३ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या मालेत टिकेकर आणि बस्तवडे यांचा भारतातल्या विंचवांवरचा खंड आला. तो आजही टेबलावर हवाच. २००४ मध्ये कोव्हार्झिकने उपवंश मोडीत काढले आणि सगळे पुन्हा साधे हेटरोमेट्रस झाले. मग २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या बुलेटिनमध्ये प्रेंडिनी आणि लोरिया यांचं काम आलं, आणि त्या एका हेटरोमेट्रसचे सात वंश झाले: हेटरोमेट्रस, जायगँटोमेट्रस, केर्सोनेसोमेट्रस, डेक्कनोमेट्रस, सह्याद्रिमेट्रस, श्रीलंकामेट्रस आणि जावानिमेट्रस. खरा हेटरोमेट्रस आता आग्नेय आशियाकडचा उरलाय. म्हणजे भारतात पकडलेल्या काळ्या विंचवाला डोळे मिटून ‘हेटरोमेट्रस’ लिहायची सवय आता सोडावी लागेल.

टायटॅनिकसचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. २०२० मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला, पण नाव देण्याचं श्रेय कौझाइनकडेच राहिलं: जायगँटोमेट्रस टायटॅनिकस (कौझाइन, १९८१). उपजातीची जाती केली किंवा जातीची उपजाती केली तरी नामकर्ता आणि साल बदलत नाहीत, असा नियमच आहे. दर्जा बदलणारा नवा नामकर्ता ठरत नाही.

हे सगळं वाचून ‘शास्त्रज्ञ सारखी नावं बदलतात’ अशी कुरकुर ऐकू येते. ती समजू शकते, पण रास्त नाही. जातीचं नाव १८७२ पासून जसंच्या तसं आहे. बदललं ते नात्याबद्दलचं आपलं ज्ञान, आणि वंशाचं नाव ते नातंच सांगतं. भाडेकरू तोच, वाडा बदलला. पत्ता बदलला म्हणून टपालखात्यावर चिडण्यात अर्थ नाही. जुन्या पत्त्याची नोंद जपून ठेवली की पत्र पोचतं.

नावातली अक्षरं

स्वामरडॅमी म्हणजे ‘स्वामरडॅमचा’. यान स्वामरडॅम (१६३७–१६८०) हा अ‍ॅमस्टरडॅमचा निसर्गअभ्यासक; सूक्ष्मदर्शकाखाली कीटकांची बारीक चिरफाड करण्यात त्याच्या काळात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. नाव देणारा युजीन सिमॉन तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि पुढे तो कोळ्यांच्या अभ्यासातला मोठा माणूस झाला. शेवटचा ‘ई’ लॅटिनमधली षष्ठी आहे, आपल्या ‘चा’ सारखी. पुरुषाच्या नावावरून असेल तर ‘ई’, स्त्रीच्या नावावरून असेल तर ‘ए’, अनेकजण असतील तर ‘ओरम’. केर्सोनेसोमेट्रस वंशात बेक्कालोनिए आणि नॅथनोरम अशी दोन नावं आहेत; शेपटं बघूनच पहिलं एका बाईच्या आणि दुसरं एकाहून अधिक माणसांच्या मानार्थ दिलेलं आहे हे ओळखता येतं.

विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे चालतं. ‘मेट्रस’ पुल्लिंगी, म्हणून खरबरीत या अर्थाचं ‘स्केबर’, टोलेजंग या अर्थाचं ‘टायटॅनिकस’. उद्या कुणी ‘स्केबर’ जातीला स्त्रीलिंगी नावाच्या वंशात हलवलं तर तिचं ‘स्केब्रा’ होईल. ‘इंपरेटर’ नाम आहे, ते बदलत नाही. स्वामरडॅमीही बदलत नाही, ती षष्ठी आहे. मराठी बोलणाऱ्याला हे अवघड जाऊ नये. काळा विंचू, काळी इंगळी आपण रोज म्हणतोच.

फुलव्हिपेस आणि झँथोपस ही जोडी खास आवडावी अशी आहे. पहिलं नाव लॅटिन, अर्थ पिंगट पायांचा. दुसरं ग्रीक, अर्थ पिवळ्या पायांचा. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या काळ्या विंचवांच्या बाबतीत एकच गोष्ट टिपली: अंग काळं आणि पाय फिके. आज एक केर्सोनेसोमेट्रसमध्ये आहे, दुसरा डेक्कनोमेट्रसमध्ये. नावाचा अर्थ म्हणजे ओळखीचं लक्षण असं समजू नये याचा यापेक्षा चांगला दाखला नाही. नाव ही खूण आहे, वर्णन वेगळं वाचावं लागतं. केर्सोनेसोमेट्रस या नावातला ग्रीक ‘केर्सोनेसोस’ म्हणजे द्वीपकल्प, दक्षिण भारताचं द्वीपकल्प.

ओळख पटवताना

रंगापासून सुरुवात करू नका. नुकतीच कात टाकलेला विंचू फिकट असतो, पिल्लं प्रौढांपेक्षा वेगळी दिसतात, आणि अल्कोहोलमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला काळा नमुना तपकिरी होतो. अतिनील टॉर्चखाली (३६५ ते ३९५ नॅनोमीटर) विंचू निळसर हिरवा चमकतो, पण ती चमक जवळजवळ सगळ्याच विंचवांना असते. रात्री प्राणी शोधायला ती अमोल, जात ओळखायला निरुपयोगी. ३९५ चा स्वस्त टॉर्च स्वतःचा जांभळा उजेड फार टाकतो, त्यात लांबचा विंचू हरवतो. ३६५ चा घेतला तर अंधार अंधारच राहतो आणि विंचू तेवढा उठून दिसतो. कात टाकून अंग अजून मऊ असलेला विंचू चमकत नाही. म्हणून टॉर्चने काही दिसलं नाही तर ‘विंचू नाही’ असं छातीठोक सांगू नये.

ओळख पटते ती दुर्बिणीखाली, म्हणजे १० ते ४० पट दाखवणाऱ्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली. पहिलं लक्षण स्पर्शरोमांचं. पंजाच्या अवयवावर बारीक, उभे, हवेच्या झुळकीनेही हलणारे रोम असतात आणि प्रत्येक रोम कपासारख्या खोलगट बुडातून निघतो. साधा केस आणि हा रोम यांत फरक त्या बुडाचा. जुन्या नमुन्यात रोम गळून पडलेले असतात, तेव्हा नुसते कपच मोजायचे. व्हाशोंने १९७४ मध्ये या रोमांच्या मांडणीचे तीन मूळ नकाशे ठरवून दिले. स्कॉर्पिओनिडी कुल तिसऱ्या नकाशात येतं: त्या अवयवाच्या मांडीवर ३, पुढच्या खंडावर १९, टोकाच्या पंजावर २६, एकूण ४८. आशियातल्या या गटात संख्या या मूळ आकड्याला धरून असते. पँडिनसच्या अवयवावर त्यात बरीच भर पडलेली असते. पाळण्यासाठी विकले जाणारे आशियाई विंचू ‘सम्राट विंचू’ म्हणून गळ्यात मारले जातात, तेव्हा पंजाच्या खालच्या बाजूचे रोम मोजले की खरं-खोटं होतं. आशियाई विंचवात पंजाच्या बुडावर, खालच्या बाजूला, चारच. पँडिनसमध्ये त्याहून कितीतरी जास्त. यात कायद्याचाही प्रश्न आहे. सम्राट विंचू १९९५ पासून साइट्स कराराच्या (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्समधल्या प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची आली आहे. कागदावर कुठलं नाव आहे यावर परवाना ठरतो.

नंतर पंजा. स्वामरडॅमीचा पंजा रुंद, गरगरीत आणि वरून ठळक दाण्यांनी भरलेला. बोट फिरवलं तर खरखरीत लागावा असा. आग्नेय आशियातल्या कितीतरी जातींचा पंजा त्या मानाने गुळगुळीत असतो. पंजाच्या लांबीला रुंदीने भागून जे गुणोत्तर येतं ते लिहून ठेवायचं, पण नराचं आणि मादीचं वेगळं. काही जातींत प्रौढ नराचा पंजा मादीपेक्षा लांबट आणि सडपातळ असतो. लिंग न बघता गुणोत्तर लावलं तर एकाच जातीचे नर-मादी दोन जाती वाटतात.

लिंग बघायला विंचू उलटा करावा. पायांच्या मागे दोन कंगवे दिसतात, जमिनीचा वास आणि पोत चाचपणारे. नराच्या कंगव्याचे दाते लांब असतात, संख्याही बहुधा थोडी जास्त. दोन्ही बाजूंचे मोजायचे आणि दोन्ही आकडे द्यायचे, उदाहरणार्थ १७/१८, कारण एकाच प्राण्यात डावं-उजवं जुळेलच असं नाही. शेवटचा दाता इवलासा असतो आणि तो सुटतो. मोजणी आतल्या टोकाकडून सुरू करून बाहेर न्यावी.

पंजाच्या अवयवाचा आणि पहिल्या पायाचा बुडाचा भाग एकमेकांवर घासून हे विंचू फिसकारल्यासारखा आवाज काढतात. तिथला खरबरीत पट्टा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो आणि वर्णनात त्याची नोंद लागते.

पिल्लं पाठीवर असलेली मादी सापडली तर तिला तिथेच राहू द्यावं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते खरंच तसं असतं. पांढरी, मऊ पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवरच राहतात. या गटात गर्भ आईच्या अंगातच महिनोन् महिने पोसला जातो आणि पिल्लं थेट जन्मतात. एवढ्या संथ गतीने वाढणाऱ्या प्राण्याची एक मादी उचलली की त्या जागेचं काही वर्षांचं नुकसान होतं.

नवीन जातीला नाव द्यायचं तर

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे नव्या नावासोबत इतरांपासून वेगळेपण सांगणारं वर्णन हवं, एक प्रारूप नमुना, म्हणजे ते नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो नमुना, स्पष्टपणे नेमलेला हवा, आणि तो कुठल्या संग्रहात आहे ते लिहिलेलं हवं. यातलं एक राहिलं तरी नाव नियमाने जन्मतच नाही. फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकात छापायचं तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही लागते. भारतात जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या वर्गाचा (नवी जाती, नवा वंश वगैरेचा) नमुना नेमलेल्या भांडारात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणिसर्वेक्षण त्यात आहे. राखीव जंगलातून काहीही उचलायला वनखात्याची परवानगी आधी लागते, नंतर नव्हे.

नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत. एवढा मोठा विंचू जसाच्या तसा अल्कोहोलमध्ये टाकला तर कवचातून अल्कोहोल आत पोचण्याआधीच पोट सडतं, खंड सुटे होतात. म्हणून आधी एक पाय काढून ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये डीएनएसाठी वेगळा, थंडीत ठेवावा. प्राणी गोठवून मारल्यावर काही क्षण उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात बुडवला की आतली प्रथिनं गोठतात आणि रंग टिकतो. पाय आधी काढायचा तो याचसाठी, गरम पाण्याने डीएनए खराब होतो. मग शेपटी सरळ आणि कंगवे पसरलेले राहतील असा लावावा, पोटाच्या बाजूच्या पापुद्र्याला बारीक छेद द्यावा आणि ७५ ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. द्रव प्राण्याच्या आकारमानाच्या निदान दहापट हवा. एक-दोन दिवसांनी बदलावा, कारण अंगातलं पाणी उतरून तो पातळ होतो. फॉर्मॅलिन नको. त्यात सांधे काष्ठवत होतात, पंजा उघडायला गेलं की मोडतो, आणि डीएनए जातो.

चिठ्ठी बरणीच्या आत, पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या काळ्या शाईने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि प्राणी कुठे होता: बिळात, वारुळात, दगडाखाली, झाडाच्या ढोलीत. बिळाच्या तोंडाची रुंदीही लिहा. जातीचं नाव याच चिठ्ठीवर लिहू नये. ओळखीची चिठ्ठी वेगळी, तिच्यावर ओळखणाऱ्याचं नाव आणि साल. पुढे ओळख बदलली तर जुनी चिठ्ठी फाडायची नाही, नवी शेजारी ठेवायची. १९३० ची ‘पॅलॅम्नीयस’ लिहिलेली चिठ्ठी कचरा समजून फेकली तर त्या नमुन्यावर झालेलं सगळं जुनं काम निराधार होतं.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत आणि उच्चार प्रत्येकाचा वेगळा. मराठीत लिहिताना ‘जायगँटोमेट्रस’ ठीक आहे, पण चिठ्ठीवर आणि यादीत मूळ रोमन लिपीच हवी: वंशाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, दोन्ही शब्द तिरप्या टाइपात, नामकर्ता आणि साल सरळ टाइपात.

लाल विंचवाचं उदाहरण

नावांचा माग काढण्याला जिवाशी खेळ असलेलं महत्त्व येतं ते लहान, लाल विंचवात. आकाराने इंगळीच्या निम्म्याहून लहान, पण विष हृदयावर घाव घालणारं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाचे उपचार दाखवून दिले ते याच विंचवाच्या दंशावर. फॅब्रिशियसने १७९८ मध्ये नाव दिलेली ही जात तेव्हापासून ब्यूथस, ब्यूथोटस, मेसोब्यूथस अशी फिरत आता हॉटेन्टोटा टॅम्युलस (फॅब्रिशियस, १७९८) झाली आहे. आयबेरिओटॉक्सिन हे पोटॅशियमच्या वाहिन्या रोखणारं विषद्रव्य १९९० मध्ये ‘ब्यूथस टॅम्युलस’च्या विषातून वेगळं काढलं, वैद्यकीय निबंध बरेचसे ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ नावाने आहेत, आणि नवं वर्गीकरण हॉटेन्टोटाखाली. एकच नाव टाकून शोधलं तर दोन-तृतीयांश जग दिसत नाही. चारही वंशनावं टॅम्युलसला जोडून शोधावीत, किंवा नुसतं टॅम्युलस टाकावं. जातीचं नाव टिकतं. धागा धरायचा तो त्याचा.

काळ्या इंगळीचं विष त्या मानाने सौम्य, वेदना देणारं. पण अंधारात चावलेला विंचू काळा होता की लाल हे कुणी शपथेवर सांगू शकत नाही, त्यामुळे विंचू कोणताही असो, दवाखाना गाठावा. लहान मुलाच्या बाबतीत एक मिनिटही थांबू नये.

खात्री नसेल तेव्हा

फोटोवरून जात सांगायची घाई करू नये. वरून काढलेल्या एका फोटोत ना रोम दिसतात, ना कंगवे. फोटो काढणारच असाल तर पाच हवेत: पूर्ण पाठ, पूर्ण पोट, उजव्या पंजाची वरची आणि बाहेरची बाजू जवळून, कंगवे जवळून, आणि शेपटीचा शेवटचा खंड नांगीसह कडेने. शेजारी मोजपट्टी. पोटाचा आणि कंगव्यांचा फोटो काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत विंचू ठेवून खालून घेता येतो, हात लावावा लागत नाही.

मग नोंद करताना जेवढं माहीत तेवढंच लिहावं. वंश नक्की, जात नाही: ‘डेक्कनोमेट्रस एसपी.’ एखाद्या जातीशी जुळतंय पण ताडून बघायचंय: मध्ये ‘सीएफ.’ जवळची पण बहुधा वेगळी जात वाटतेय: ‘अ‍ॅफ.’ ही तीन लहान अक्षरचिन्हं वंश आणि जात यांच्यासारखी तिरपी छापत नाहीत, सरळच. वंशही ठरत नसेल तर ‘स्कॉर्पिओनिडी’ एवढं कुल लिहून थांबावं. चुकीच्या पूर्ण नावापेक्षा बरोबर अर्धं नाव पुढच्या माणसाच्या जास्त कामाला येतं, कारण ‘एसपी.’ दिसलं की तो बरणी उघडून बघतो. पूर्ण नाव दिसलं की बघत नाही.